दहा मिनिटं आणि ओळखीचं गाणं

ऑफिस, अपडाऊन आणि ड्युटीच्या रेट्यात गिटार मागे पडलीय? वेळ नाही ही तक्रार खरीच आहे. पण थोड्या वेळात काय वाजवायचं, याचं उत्तर तुमच्या बोटांना आधीच पाठ आहे.

गॅदरिंगच्या स्टेजवर जी गिटार मिरवली, तीच आता इस्त्रीच्या बोर्डामागे काळ्या कव्हरमध्ये उभी असते. सहापैकी एक तार तुटलेली, उरलेल्या पाच सुरात नाहीत. कुणी पाहुणा विचारतो, "अजून वाजवता का हो?" आणि आपण म्हणतो, "हो, म्हणजे... कधीमधी."

मंडळी, ओळखीचं वाटतंय ना?

वर्ध्याहून नागपूरला रोज अपडाऊन करणाऱ्यांचं गणित बघा. अंतर म्हटलं तर पाऊणशे-ऐंशी किलोमीटर. पण सकाळची गाडी पकडायची, नागपूर स्टेशनवरून ऑफिस गाठायचं, संध्याकाळी पुन्हा तीच कसरत. त्यात गाडी सिंदीच्या अलीकडे कुठेतरी उभी राहिली की जेवणाचंही टाइमटेबल कोलमडतं. बुटीबोरीच्या एमआयडीसीत शिफ्ट करणाऱ्यांची तीच तऱ्हा. आणि सावंगीला किंवा सेवाग्रामला रेसिडेन्सी करणाऱ्या डॉक्टर मंडळींचं तर विचारूच नका. ड्युटी कधी सुरू झाली ते सांगता येतं, कधी संपेल ते नाही.

अशा माणसाला 'रोज तासभर रियाज करा' असं सांगणं म्हणजे जखमेवर मीठ चोळणं. त्यापेक्षा आपण दहा मिनिटांबद्दल बोलू. तेवढी तर निघतात. प्रश्न असा, की त्या दहा मिनिटांत वाजवायचं काय?

पोस्टातल्या टायपिंगची गोष्ट

थोडा थोडा सराव खरंच उपयोगी पडतो का? याचं एक मस्त उत्तर गिटारमधून नाही, तर टायपिंगमधून मिळतं.

१९७८ साली ब्रिटनमध्ये ॲलन बॅडले आणि लाँगमन या संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. तिथल्या पोस्टातल्या कर्मचाऱ्यांना कीबोर्ड शिकवायचा होता. त्यांचे चार गट केले. एक गट दिवसातून एकदा एक तास बसायचा. दुसरा दोनदा एक-एक तास. तिसरा एकदाच, पण दोन तास. आणि चौथा दिवसातून दोनदा दोन-दोन तास, म्हणजे रोज चार तास. शेवटी हिशेब केला तेव्हा, एकूण कमीत कमी तासांत शिकला तो रोज एकच तास बसणारा गट. चार तास बसणाऱ्यांना तेवढंच शिकायला कितीतरी जास्त तास खर्च करावे लागले.

आता एक तास म्हणजे दहा मिनिटं नव्हेत, मान्य. पण कीबोर्ड काय आणि फ्रेटबोर्ड काय, काम बोटांचंच. रविवारी तीन तास बसून सहा दिवस गिटारला हातही न लावणाऱ्यापेक्षा रोज थोडं वाजवणारा पुढे जातो, हे कुठलाही क्लासवाला सर सांगेल.

पण या प्रयोगातली खरी गंमत पुढे आहे. या सगळ्यांत सर्वांत नाराज गट कोणता होता? तोच, रोज एक तासवाला! कारण दिवसांच्या हिशेबात ते मागे पडल्यासारखे दिसत होते. हात शिकत होता, पण मन म्हणत होतं, 'काहीच होत नाहीये.'

दहा मिनिटांच्या सरावाचा खरा शत्रू हाच. प्रगती होते, पण जाणवत नाही. आणि जे जाणवत नाही ते आपण दोन आठवड्यांत सोडून देतो. म्हणूनच थोडा वेळ असताना ओळखीचं गाणं हवं. नवीन गाणं काढायला बसलात तर दहा मिनिटं कॉर्ड्स शोधण्यातच जातात. नुसते स्केल्स घासलेत तर हात सुधारतो पण मन कोरडं राहतं. पाठ असलेलं गाणं मात्र पहिल्याच मिनिटाला आनंद देतं. डोक्याला 'पुढची कॉर्ड कोणती' हे आठवायचं काम उरत नाही, त्यामुळे सगळं लक्ष बोटांकडे देता येतं.

वर्ध्याला हे कुणी सांगायला हवं?

तेच गाणं, त्याच वेळी, रोज. हा फंडा वर्धेकरांना खरं तर नवा नाही. शहरापासून आठेक किलोमीटरवरच्या सेवाग्राम आश्रमात तो वर्षानुवर्षं चालत आलाय.

३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी इथे आले, तेव्हा गावाचं नाव शेगाव होतं. सेवाग्राम हे नाव १९४० मध्ये पडलं. आश्रमाचा दिवस सुरू व्हायचा प्रार्थनेने आणि मावळायचाही प्रार्थनेनेच. उघड्या आभाळाखालच्या त्या मैदानावरची सर्वधर्म प्रार्थना आजही होते. त्यात जपानी बौद्ध भिक्षूंकडून आलेला मंत्रही आहे, आणि भजनंही आहेत. ही भजनं ज्या 'आश्रम भजनावली'तून येतात, तिचं संकलन केलं ते पंडित नारायण मोरेश्वर खरे या मराठी माणसाने. विष्णु दिगंबर पलुस्करांचे हे शिष्य, साबरमती आश्रमाचे संगीतशिक्षक. १९३०च्या दांडी यात्रेतही ते होते.

या भजनांची खुबी काय? चाली सोप्या, ओळखीच्या, कुणालाही सामील होता येईल अशा. गाणारा थकलेला असो, ताजातवाना असो, वेळ झाली की गायचं.

सूतकताईचंही तसंच. १९२४ पासून गांधीजींनी काँग्रेसच्या कार्यकर्त्यांपुढे रोज अर्धा तास सूत कातण्याचा आग्रह धरला. स्वतः ते प्रवासात कातायचे, तुरुंगात कातायचे. त्यांच्यापेक्षा आपलं कॅलेंडर जास्त भरलेलं आहे असं म्हणायची हिंमत आहे का कुणाची? मूड आहे का, हा प्रश्न तिथे नव्हताच. वेळ ठरलेली, अवजार हाताशी, काम ओळखीचं. गिटारवाल्यांनी हे तिन्ही उचलायला हरकत नाही.

सहा गाणी, सहा कामं

आता मुद्द्याचं. 'ओळखीचं गाणं' म्हणजे कुठलंही नाही. प्रत्येक गाण्याकडून हाताला एकेक काम करून घ्यायचं. ही सहा नमुन्यादाखल. तुमची वेगळी असतील तर उत्तमच.

१. नॉकिंग ऑन हेवन्स डोअर (१९७३). बॉब डिलनचं हे गाणं गिटार शिकणाऱ्या निम्म्या जगाने वाजवलंय. कारण साधं आहे. जी, डी, ए मायनर, मग जी, डी, सी. बस्स. यातली मेख बघा. ए मायनर आणि सी यांच्यात फक्त अनामिकेचा फरक आहे. तर्जनी आणि मधलं बोट जागचं हलतही नाही. म्हणजे हे गाणं 'गरज नसताना सगळी बोटं उचलायची नाहीत' हे शिकवतं. काम: कॉर्ड बदलताना बोटं तारांपासून कमीत कमी वर उचला.

२. स्टँड बाय मी (१९६१). बेन ई. किंगचं गाणं. जी, ई मायनर, सी, डी या चार कॉर्ड्सचं आठ बारचं चक्र, तेच पुन्हा पुन्हा. एका बारमध्ये चार ठोके, म्हणजे एका फेरीत बत्तीस. मेट्रोनोम साठवर लावला तर एक फेरी बत्तीस सेकंदांत संपते. दोन मिनिटांत जवळजवळ चार फेऱ्या. काम: ताल. इतक्या संथ लयीत ठोक्यावर राहणं किती अवघड आहे ते एकदा करून बघाच.

३. वंडरवॉल (१९९५). ओॲसिसचं हे गाणं हॉस्टेलवर इतक्यांदा वाजलंय की रूममेट उशी फेकून मारतो. पण हाताला फार उपयोगी. दुसऱ्या फ्रेटवर कॅपो लावा. अनामिका आणि करंगळी तिथून तिसऱ्या फ्रेटवर, खालच्या दोन बारीक तारांवर ठेवा आणि ती दोन बोटं जवळपास पूर्ण कडव्यात तिथेच राहू द्या. हलायचं फक्त तर्जनीने आणि मधल्या बोटाने. काम: करंगळीची ताकद. बहुतेकांची करंगळी आयुष्यभर सुट्टीवर असते.

४. चुरा लिया है तुमने (१९७३). 'यादों की बारात', पंचमदांचं संगीत, पडद्यावर गिटार घेतलेली झीनत अमान. सुरुवातीला काचेवरची ती किणकिण आणि मग गिटार. ती गिटार वाजवलीय भूपिंदर सिंग यांनी. होय, तेच गझला गाणारे. 'दम मारो दम'मधली गिटारही त्यांचीच. हे गाणं कॉर्ड्सवर नको. मुखड्याची चाल एकाच तारेवर कानाने शोधा. सूर चुकला की एक फ्रेट मागे, एक फ्रेट पुढे. काम: कान. मोबाइलवरचे टॅब्स बघून वाजवणाऱ्यांचा हा अवयव हमखास कच्चा राहतो.

५. गारवा (१९९८). मिलिंद इंगळे आणि सौमित्र. आधी कविता, मग गाणं. एका पिढीचा पावसाळा या अल्बमने व्यापला होता. इथे दोनच सोप्या कॉर्ड्स घ्या, अगदी हलक्या हाताने स्ट्रमिंग चालू ठेवा आणि त्यावर कविता बोला. पाठ नसेल तर ऑफिसमधला आजचा मेल वाचा, काही बिघडत नाही! बोलता बोलता उजवा हात अडखळला नाही, तर गाता गाताही अडखळणार नाही. काम: तोंड आणि हात यांची फारकत.

६. रघुपति राघव. हसू नका. सी, एफ, जी या तीन कॉर्ड्सवर हे भजन छान बसतं. अमेरिकन लोकगायक पीट सीगर आपल्या मैफलींत हे गायचे. लहानपणापासून कानात असल्यामुळे चाल आठवावी लागत नाही. आणि यातली एफ हीच नवशिक्यांची वैरीण. तर्जनीने पहिल्या फ्रेटवर सहाच्या सहा तारा दाबायच्या, म्हणजे बार कॉर्ड. काम: ती एफ. ओळखीच्या चालीत ती येते तेव्हा टाळता येत नाही आणि चुकली की लगेच कानाला कळतं.

बघितलंत? गाणी सगळी सोपीच. पण प्रत्येकात एक जागा अशी आहे की जी तुम्ही आजवर 'चालून जातंय' म्हणून चालवून घेतलीत.

दहा मिनिटांचं टाइमटेबल

आता घड्याळ लावा.

पहिलं मिनिट ट्यूनिंगचं. फोनवर ट्यूनर ॲप असतंच. जाड तारेपासून ई, ए, डी, जी, बी, ई. हे मिनिट वाचवायचा मोह टाळा. बेसूर गिटारवर दहा मिनिटं वाजवलं तर कान बिघडतो आणि 'मला जमत नाही' असं उगाच वाटतं.

पुढची दोन मिनिटं गाणं वाजवा, मनापासून. चुका झाल्या तर होऊ देत. फक्त कुठे झाल्या ते लक्षात ठेवा.

मग पाच मिनिटं त्या एकाच जागेसाठी. पूर्ण गाणं नाही, कडवं नाही, फक्त ती जागा. समजा सी वरून एफ वर जाताना हात अडकतो. मग सी, एफ, सी, एफ, एवढंच. प्रत्येकी चार ठोके, नेहमीच्या निम्म्या वेगात. सलग तीन वेळा स्वच्छ आलं की वेग थोडा वाढवा. चुकलं की पुन्हा मागे.

शेवटची दोन मिनिटं परत पूर्ण गाणं. ती जागा जरा बरी आलेली असते. आली नसली तरी गाणं तर झालं! पोस्टातल्या त्या नाराज गटाला जे मिळालं नाही ते तुम्हाला इथे मिळतं: उठताना कानात काहीतरी पूर्ण झालेलं असतं.

रात्री उशिरा वाजवायचं असेल तर पिक बाजूला ठेवा आणि अंगठ्याने वाजवा. उजव्या तळहाताची कड तारांवर ब्रिजजवळ हलकी टेकवली की आवाज दबतो. शेजारच्या काकूही खूष, तुमचाही सराव.

लाडक्या गाण्याचा सापळा

इथे एक धोका सांगायलाच हवा. ओळखीचं गाणं सवयीचं झालं की हात आपोआप चालायला लागतो, आणि डोकं उद्याच्या प्रेझेंटेशनमध्ये. दहा मिनिटं होतात, बरं वाटतं, पण हात जिथे होता तिथेच. वर्षानुवर्षं तीच चार गाणी, त्याच चुकांसकट वाजवणारे तुमच्याही ग्रुपमध्ये असतील. त्यांची सुरुवात जबरदस्त असते, कारण ती हजार वेळा वाजलेली असते. अंतऱ्याला मात्र ते म्हणतात, "पुढचं तुम्ही गा रे!"

यावर उपाय अवघड नाही.

एक म्हणजे, रोज सुरुवातीपासून सुरू करू नका. कधी अंतऱ्यापासून, कधी शेवटच्या ओळीपासून करा.

दुसरं, तेच गाणं दुसऱ्या ठिकाणी वाजवा. कॅपो एक फ्रेट पुढे सरकवला की सूर अर्ध्या स्वराने वर जातो. कॉर्ड्सचे आकार तेच, पण गळ्याला नवं काम. किंवा कॅपो काढून टाका आणि बार कॉर्ड्स घ्या.

तिसरं आणि सर्वांत मजेचं, ताल बदला. आपल्याकडे भजनं आणि गाणी बरीचशी कहरव्यात असतात, म्हणजे आठ मात्रा. तेच कॉर्ड्स दादऱ्यात, सहा मात्रांत वाजवून बघा. चारचारच्या स्ट्रमिंगला सरावलेला हात पार गोंधळतो. मराठी भावगीतं गिटारवर 'बसत नाहीत' अशी तक्रार असते ना, त्यामागे अनेकदा कॉर्ड्स नसतात, हा दादरा असतो.

आणि महिन्यातून एकदा यादीतलं एक गाणं बदला. 'मन उधाण वाऱ्याचे'ची फर्माईश पार्टीत येणारच आहे. रविवारी निवांत वेळ काढून ते बसवा. पुरतं ओळखीचं झालं की मग त्याला दहा मिनिटांच्या यादीत घ्या. नवीन गाणं रविवारचं, ओळखीचं गाणं रोजचं.

कव्हरमधून बाहेर, पण कूलरसमोर नको

दहा मिनिटांतली तीन मिनिटं गिटार कव्हरमधून काढण्यात, धूळ पुसण्यात आणि पिक शोधण्यात गेली तर काय उपयोग? म्हणून गिटार स्टँडवर किंवा भिंतीवरच्या हुकला, हात पोचेल अशी ठेवा.

पण आपण विदर्भात राहतो. वर्ध्याचा पारा मे महिन्यात पंचेचाळीसच्या पुढे जातो आणि हवा हाडासारखी कोरडी होते. अकूस्टिक गिटारच्या लाकडाला साधारण ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. हवा फार कोरडी झाली की लाकूड आकसतं. फ्रेटची टोकं कडेने बोटांना टोचायला लागतात, तारा खाली येऊन खरखरतात आणि प्रकरण हाताबाहेर गेलं तर वरच्या फळीला चीर जाते. पावसाळ्यात उलटं. लाकूड फुगतं, तारा वर उचलल्या जातात आणि दाबायला जड होतात. 'जुलैत माझं बोट दुखतं' ही तक्रार त्यामुळे निव्वळ बहाणा नसते.

तेव्हा गिटार उन्हाच्या भिंतीला नको, पत्र्याखाली नको, दुपारी बंद कारमध्ये तर मुळीच नको. खोलीत डेझर्ट कूलर असेल तर हवेत ओलावा राहतो, ते बरंच आहे. पण कूलरच्या थेट झोतात गिटार ठेवू नका. कडक उन्हाळ्याचे दोन महिने ती कव्हरमध्ये, पण खोलीच्या आतल्या बाजूला ठेवलेली बरी. आणि कव्हर कपाटावर नको, पलंगाजवळ.

सोडलं असं कुणी ठरवत नाही

शेवटी एक गोष्ट. 'आजपासून गिटार बंद' असं ठरवून कुणीही गिटार सोडत नाही. एक आठवडा ऑडिटचा, एक लग्नाचा, एक तापाचा. मग बोटांवरचे घट्टे जातात. त्यानंतर वाजवलं की बोटं दुखतात, दुखतात म्हणून आणखी टाळलं जातं. एके दिवशी भाऊजींच्या मुलाला क्लास लावायचा असतो आणि आपण म्हणतो, "घरात पडूनच आहे, घेऊन जा." इतक्या चुपचाप ती जाते.

आणि तिच्याबरोबर जातं काय? जिथे कुणी अप्रेझल करत नाही, टार्गेट देत नाही, 'बाय एंड ऑफ डे' म्हणत नाही, अशी दिवसातली एकमेव जागा. नोकरी करणाऱ्या माणसासाठी ही जागा छोटी नाही.

ती राखायला बँड काढावा लागत नाही, महागडी गिटार लागत नाही, नोकरी सोडावी लागत नाही. सहा तारा सुरात हव्यात, एक पाठ असलेलं गाणं हवं आणि त्यातली एक न जमणारी जागा. पुढच्या वेळी गाडी लेट झाली, तर मोबाइलच्या नोट्समध्ये तुमची सहा गाणी लिहून काढा. प्रत्येकासमोर त्याची ती न जमणारी जागाही लिहा. यादी तयार असली की रात्री 'आज काय वाजवू' या विचारात वेळ जात नाही. थेट वाजवायलाच बसता येतं.